नकारघंटेचा होकार

टायरचं दुकान टाकलेला माणूस 'हो' म्हणायलाच बसलेला असतो. गिऱ्हाईक म्हणालं मोठे हवेत, हो. रुंद हवेत, हो. काळेकुळकुळीत, खडबडीत, डोंगर चढणारे हवेत? हो साहेब, बसा, चहा घ्या. आमच्या या गृहस्थांचं मात्र सगळंच उफराटं. तीस वर्षं दुकान चालवलं आणि त्या तीस वर्षांत जेवढे टायर विकले त्याहून जास्त विकायला नकार दिला असेल. बाजारात त्यांचं नावच पडलं होतं नकारघंटा. तोंडावर सगळे मास्तर म्हणत, कारण नुसती हवा भरायला गेलं तरी मास्तर अर्धा तास शिकवणी घेत.

शिकवणीतला आवडता धडा ठरलेला. फोर बाय फोर गाडी घेऊन लांबच्या प्रवासाला निघालेला कुणी हौशी माणूस यायचा आणि कंपनीच्या मापापेक्षा भलेमोठे टायर मागायचा. मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "अहो, हे काय उंच टाचांचे बूट आहेत, घातले आणि निघालात? टायर मोठा झाला की चाकाची एक फेरी लांब होते. काटा ऐंशी दाखवतो आणि गाडी शहाऐंशीने पळते. चाक जड, ब्रेक तेवढाच. उतारावर पाय दाबाल आणि गाडी तुमचं ऐकणार नाही. उंचीत तीन टक्क्यांच्या वर माझ्याशी बोलू नका." माणूस बोलायचाच. मग मास्तर म्हणायचे, "नाही." गिऱ्हाईक नाक मुरडून निघून जायचं, आणि मास्तर जणू काही लढाई जिंकल्यासारखे पाना उचलायचे.

बरं, माप तीन टक्क्यांत बसलं तरी सुटका नव्हती. दुकानाच्या मागच्या भिंतीशी वाळूची आठ पोती ठेवलेली होती. नव्या मापाचा टायर चढवला की मास्तर ती पोती गाडीत भरायचे, एक पोतं म्हणजे एक माणूस. मग पुढचं एक चाक लाकडी ओंडक्यावर चढवायचं आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. रिकामी गाडी सपाट जमिनीवर कुणाचीही शहाण्यासारखी उभी राहते, असं त्यांचं म्हणणं. भरलेली गाडी खाली बसते, दगडावर चाक वर दाबलं जातं, आणि तेव्हा टायर आतल्या पत्र्याच्या कडेला घासला, की वळणावळणाला सोलून निघतो आणि एका वळणावर फाटतो. ते वळण कुठलं असेल ते देवालाच ठाऊक. पोत्यांवरून लोक चेष्टा करायचे. मास्तरांनी कधी कुणाची पत्रास ठेवली नाही.

हा नकार दुकानातच ठेवून घरी गेले असते तर काही बिघडलं नसतं. पण तो संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरी यायचा. एकुलती एक मुलगी. अठराव्या वर्षी म्हणाली, मोठी गाडी चालवायला शिकते. नाही. पर्यटकांना डोंगरात फिरवणाऱ्या कंपनीत नोकरी धरते म्हणाली. मुळीच नाही. तिथल्याच एका ड्रायव्हरशी लग्न करते म्हणाली, तेव्हा तर मास्तरांनी मान वरही केली नाही, तोंडातल्या तोंडात 'नाही' म्हणून टाकलं. तिने गाडी शिकली, नोकरी धरली आणि लग्नही केलं. त्यानंतर तीन वर्षं आईला फोन करायची, बापाचं नाव काढायची नाही. मास्तर बाहेरून दगड. पण फोन वाजला की रेडिओचा आवाज बारीक करायचे, हे बायकोला माहीत होतं.

आणि एक दिवस दुपारी बाराच्या सुमाराला बायकोचा दुकानात फोन आला. "अहो, ऐका. पोरगी तुमच्याकडे यायला निघालीय. गाडी घेतलीय त्यांनी, स्वतःचा धंदा काढलाय, उद्या सकाळी पहिली टूर आहे. टायर बदलायचेत. तुमच्या पाया पडते, आज तेवढं 'नाही' म्हणू नका."

"मी कशाला..." मास्तरांनी सुरुवात केली, पण तिकडून फोन ठेवला होता.

गाडी आली. उंच, पांढरी, छतावर तंबूची पेटी. चालवत होती मुलगीच. शेजारी जावई, हातात टायरच्या जाहिरातीचं पान. मुलगी उतरली आणि दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. थोडी बारीक झाली होती, उन्हाने रापली होती. मास्तरांनी हात पुसायला फडकं घेतलं आणि पुसतच राहिले.

"बाबा, आता गाडीला दोनशे पंचेचाळीस-सत्तर-सोळा मापाचे टायर आहेत," ती म्हणाली. तेवढंच. कसे आहात नाही, काही नाही. "याला दोनशे पासष्ट-पंच्याहत्तर घालायचेत. डोंगरात कच्चे रस्ते आहेत, खालून गाडी उंच हवी, असं हा म्हणतो. चार पाहुणे, आम्ही दोघं आणि आठ दिवसांचं सामान. तुम्ही सांगा, बसतील?"

डोळ्याची पापणी लवायच्या आत मास्तरांनी हिशेब केला. उंची साडेपाच सेंटिमीटर जास्त. सात टक्क्यांच्याही वर. यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. 'नाही' जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. आणि समोर पोरगी तीन वर्षांनी उभी होती.

"बसतील," मास्तर म्हणाले.

मुलीने त्यांच्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. "नक्की?"

"बसतील म्हटलं ना!"

जावई खूश. "बघ, मी तुला कधीचा सांगत होतो!" मुलीने गाडीची किल्ली मास्तरांच्या हातात ठेवली. ती जावयाला घेऊन आईला भेटायला घरी गेली आणि मास्तर कामाला लागले.

पाचही टायर चढवले, स्टेपनीसकट. एकेक चाक बॅलन्स केलं, नट क्रमाने आवळले. काम चोख, त्यात खोट नाही. मग गाडी सपाट फरशीवर घेऊन स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवलं आणि खाली वाकून बघितलं. टायर आणि पत्र्याची कड यांच्यामध्ये दोन बोटं गेली. तिसरं जाईना. रिकाम्या गाडीत दोन बोटं. सहा माणसं, पाणी, सामान आणि छतावरची पेटी चढल्यावर तिथे काय उरणार, हे मास्तरांना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

पोती भिंतीशी होती. मास्तरांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि पाठ फिरवली. कंबर दुखतेय, असं स्वतःलाच सांगितलं. कंबर दुखत नव्हती. पोती चढवली तर काय दिसणार हे माहीत होतं, आणि दिसल्यावर 'नाही' म्हणावं लागलं असतं.

चारला मुलगी आणि जावई परत आले. तिने नव्या टायरवरून हात फिरवला आणि विचारलं, "पोती घालून बघितलंत ना, बाबा?"

"बघितलं."

तीस वर्षांतलं पहिलं धडधडीत खोटं, आणि ते कुणाला सांगितलं तर पोटच्या पोरीला. तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. मग ती मास्तरांबरोबर पुन्हा घरी आली, दोन तास बसली, चहा घेतला, आईशी खिदळली. निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "परत आल्यावर येते, बाबा. राहायला येते दोन दिवस." बायकोने पदराने डोळे पुसले. मास्तर मान हलवत राहिले. आयुष्यात एवढं सुख त्यांना झालं नव्हतं, आणि एवढं भयही वाटलं नव्हतं.

रात्र कशी गेली ते विचारू नका. पहाटे बायको उठली तर मास्तर चप्पल घालून दारात. "कुठे?" "माझं चुकलंय," एवढंच बोलून त्यांनी स्कूटरला किक मारली. वाटेत तीनदा फोन लावला. पहिल्यांदा वाटलं, उचलू नये. मग वाटलं, उचलावा. तिने उचलला नाही, सामान चढवण्याच्या गडबडीत असणार. सातला निघणार होते. सातला दहा कमी होते.

मुलीच्या छोट्या ऑफिससमोरच्या फुटपाथशी गाडी उभी होती. चार पाहुणे नवे बूट, नव्या टोप्या घालून आपापले फोटो काढत होते. जावई छतावर दोर आवळत होता. गाडी चांगलीच खाली बसली होती. मास्तर स्कूटर स्टँडवर न लावताच उतरले, ती बिचारी भिंतीला टेकली.

"थांब!" ते ओरडले. "निघू नको."

मुलीने वळून बघितलं आणि तिचं तोंड उतरलं. पाहुण्यांसमोर, पहिल्या टूरच्या दिवशी, बाप धापा टाकत ओरडत आलेला. "बाबा, काय झालं? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. सगळ्यांना गाडीत बसव. डावं चाक फुटपाथवर चढव आणि स्टिअरिंग पूर्ण फिरव."

"आत्ता?"

"आत्ता. माझं ऐक."

जावई खाली उतरून काहीतरी बोलणार होता, तिने हाताने गप्प केलं. पाहुणे एकमेकांकडे बघत आत बसले. तिने चाक फुटपाथच्या कडेवर चढवलं आणि स्टिअरिंग वळवलं. अर्ध्यातच खर्रर्र आवाज आला. तिने आणखी वळवलं, आवाज वाढला. पाहुण्यांमधली एक बाई म्हणाली, "हे काय होतंय?"

मुलगी इंजिन बंद करून उतरली आणि खाली वाकली. नव्याकोऱ्या टायरच्या वरच्या कडेवरून बोटभर लांब रबराचं साल निघून लोंबत होतं. पत्र्याच्या कडेला काळं फासलं होतं. ती तशीच वाकून राहिली. उठली तेव्हा आवाज अगदी हळू होता.

"तुम्ही काल म्हणालात, पोती घालून बघितलं."

"नव्हतं बघितलं."

"का?"

मास्तरांना वाटलं, काहीतरी सांगावं. घाई होती, कंबर दुखत होती, म्हातारा झालो. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. "बघितलं असतं तर नाही म्हणावं लागलं असतं," ते म्हणाले. "तीन वर्षांनी आलीस. म्हटलं, आज नाही म्हटलं तर ही परत यायची नाही. तुला आवडेल ते बोललो. चुकलो मी, बाळ."

त्यांना वाटत होतं, ती रागावेल. रागावलीच. पण भलत्याच गोष्टीवर.

"मला आवडेल ते?" ती म्हणाली. "बाबा, मला हे टायर नकोच होते. महिनाभर याच्याशी भांडतेय मी. चार दुकानं फिरलो, चारही जण हो म्हणाले. शेवटी मी म्हटलं, बाबांकडे जाऊ. बाबा हो म्हणाले तर घालू, नाही म्हणाले तर तो विषय संपला. मी तुमच्याकडे 'नाही' ऐकायला आले होते. तीन वर्षं माझा तुमच्यावर राग होता, पण एक गोष्ट मला पक्की माहीत होती, की बाबा खोटं सांगणार नाहीत." तिचे डोळे भरून आले, पण तिने ते गळू दिले नाहीत, पाहुणे बघत होते. "तेवढं एक होतं माझ्याकडे तुमचं."

मास्तरांनी खाली वाकून ते लोंबणारं साल ओढून काढलं आणि खिशात टाकलं.

मुलीने पाहुण्यांची माफी मागितली, निघायला अडीच तास उशीर होईल असं स्पष्ट सांगितलं आणि त्यांना समोरच्या हॉटेलात चहाला बसवलं. मग गाडी सावकाश, एकेका वळणाला आवाज ऐकत, दुकानात आणली. मास्तर मागून स्कूटरवर. वाटभर तो खर्रर्र आवाज त्यांना प्रत्येक कोपऱ्यावर ऐकू येत होता.

दुकान उघडलं, जॅक लावला, चाकं उतरवली. जावई एकेक नट उचलून डब्यात टाकत होता.

"आता कुठलं माप?" मुलीने विचारलं.

"दोनशे पंचावन्न-सत्तर-सोळा," मास्तर म्हणाले. "दोन टक्केसुद्धा फरक नाही. गाडी थोडी उचलली जाईल, काटा बिघडणार नाही, भरलेल्या गाडीत घासणार नाही. माझ्याकडे पाच आहेत." आणि सवयीने पुढे म्हणाले, "याच्या वर नाही."

हे बोलताना त्यांच्या आवाजात जुनं बळ आलं होतं. ते मांडणीकडे वळले, पहिला टायर ओढला. मागे मुलगी नवऱ्याला म्हणत होती, "गाडीच्या कंपनीच्या वर्कशॉपला फोन लाव. हे माप सांग आणि चालेल का विचार. सहा माणसं आणि वर पेटी आहे, हेही सांग."

जावई घोटाळला. त्याने सासऱ्यांकडे बघितलं. गेल्या तीस वर्षांत मास्तरांनी सांगितलेलं माप कुणी दुसऱ्याला विचारलं नव्हतं. शिव्या दिल्या असतील, पण विचारलं नव्हतं.

"विचारा," मास्तर म्हणाले. "विचारून घ्या, जावईबापू."

टायर दोन्ही हातांनी धरून ते तसेच उभे राहिले. जावई बाहेर जाऊन बोलत होता, मधेच गाडीचं मॉडेल सांगत होता, मधेच हूं हूं करत होता. मुलगी दाराकडे तोंड करून उभी होती. पाच मिनिटांनी तो आत आला.

"चालेल म्हणाले. हेच माप बरोबर आहे म्हणाले."

"ठीक आहे," मुलगी बापाकडे न बघता म्हणाली. "मग बसवा."