सरोजाचे चोख रिपोर्ट

सरोजा गेल्याचं कळलं तेव्हा मी तिच्यावर रुसून बसले होते. सकाळचे सहा वाजून गेले होते, मी फिरायला जायचे बूट घालून खाली पार्किंगमध्ये उभी, आणि बाईसाहेबांचा पत्ता नाही. आदल्या संध्याकाळी तिची लेक नंदिनी शहराबाहेरच्या सिरुसेरीहून आली होती, सुट्टी काढून. लेक आली की मैत्रीण कशाला आठवेल, असं काहीतरी मी पुटपुटत होते. तेवढ्यात नंदिनीचाच फोन आला. "मावशी, वर ये… अम्मा उठत नाहीये." मी दुसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा सरोजा बाल्कनीतल्या खुर्चीत मान टाकून बसली होती. नंदिनी सांगत होती, पहाटे अम्मा जळजळतंय म्हणाली, घाम पुसला, ताक प्यायली आणि वाऱ्याला जाऊन बसली. ॲम्ब्युलन्स आली, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलंच लिहायचं असतं. सरोजाबद्दल वाईट लिहायला काही नाहीच, आणि माझी तक्रार आयुष्यभर तीच होती.

मी मिरजेची. लग्न होऊन चेन्नईला आले, कारण नवरा गिंडीच्या एका छोट्या कारखान्यात होता. अड्यारच्या या बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही आणि दुसऱ्यावर सरोजा. तंजावरकडचं मराठी घर तिचं, पिढ्यान्‌पिढ्या इथलं. तिचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी मी पदराआड हसले होते; सगळ्याला 'नक्को', आणि वाक्य तमिळसारखं हेलकावे खात जायचं. पण चार दिवसांनी तिच्याबरोबर बाजारात गेले तर ही भाजीवालीशी तमिळमध्ये अशी रंगून बोलतेय की भाजीवालीने कढीपत्ता आपणहून पिशवीत टाकला. मी बाजूला मुक्यासारखी उभी. हसू तिथेच जिरलं. दोन्ही भाषा तिच्या, शहर तिचं, शाळेतली गणिताची नोकरी तिची, आणि वर स्वभावही चांगला. हेवा करायला जागा तरी किती असावी माणसाला!

मग दोघींना एकाच दिवशी मधुमेह निघाला. इमारतीत तपासणी शिबिर होतं, दोघी हसत रांगेत उभ्या राहिलो आणि दोघी गप्प होऊन परतलो. खरं सांगते, घाबरले होते, पण आत कुठेतरी बरंही वाटलं. चला, एका बाबतीत तरी बरोबरी झाली. तीही टिकली नाही. दर तीन महिन्यांनी आम्ही उपाशीपोटी लॅबमध्ये जायचो, रक्त देऊन समोरच्या हॉटेलात इडली खायचो आणि संध्याकाळी रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बघायचो. तिची तीन महिन्यांची सरासरी कायम माझ्याहून कमी. तिने साखरेला गणितासारखं सोडवायला घेतलं होतं. नाचणी, शेवग्याचा कोवळा पाला, तीळ, घरचं दही. कशात लोह, कशात मॅग्नेशियम, कशात कॅल्शियम, तोंडपाठ. ड जीवनसत्त्वासाठी गच्चीवर उन्हात वीस मिनिटं, घड्याळ लावून. शिजवायच्या आधी मीठसुद्धा मोजायची. आमचे हे जिवंत होते तोवर जेवताना हमखास म्हणायचे, सरोजाकडून जरा शीक. त्या दिवशी मी मुद्दाम दुसऱ्यांदा भात घ्यायची.

पण या सगळ्यापेक्षा मला खुपायची ती नंदिनी. दर शनिवारी ती येणार, आईच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरणार, डॉक्टरांनी कुठली वाढवली, कुठली बंद केली ते वहीत उतरवणार, जाताना आईचे पाय हातात घेऊन तळवे तपासणार. मधुमेहात पायाला जखम झाली तरी कळत नाही म्हणून. माझा मुलगा पुण्यात. तोही वाईट नाही हो, रविवारी न चुकता फोन करतो. "आई, गोळ्या घेतेस ना? घेत जा," म्हणतो आणि माझं उत्तर यायच्या आत सुनेकडे फोन देतो. शनिवारी दुपारी खालून मायलेकींचं हसणं आलं की मी मिक्सर लावायची.

दोन वर्षांपूर्वी माझ्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, साखरेची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्या काहींचं बी-बारा कमी होतं, तपासून घ्या. खरंच कमी निघालं. इंजेक्शनं घेतली आणि मुंग्या कमी झाल्या, थकवाही गेला. पहिल्यांदाच मला असं काहीतरी ठाऊक होतं जे सरोजाला ठाऊक नव्हतं. महिनाभर मी बी-बारावर प्रवचनं दिली. तिने सगळी ऐकूनही घेतली, विद्यार्थिनीसारखी.

म्हणूनच असेल, ती गेली त्याच्या दोन महिने आधी एका सकाळी जिन्यात थांबली आणि कठड्याला धरून म्हणाली की हल्ली चढताना दम लागतो, अंगातलं बळच गेल्यासारखं होतं, तेव्हा मी क्षणाचाही विचार केला नाही. बी-बारा, मी म्हटलं. माझंही अगदी असंच झालं होतं. छातीत दुखतं का, हे मात्र विचारलं. नाही म्हणाली. मग काय, मी डॉक्टरच झाले. ती हळूच म्हणाली, "नंदिनीला सांगू नक्को, मालती. काम टाकून पळत येईल ती. परवाइल्ले, चालायचंच, दमच आहे की." मी कबूल झाले. आनंदाने झाले. नंदिनीला ठाऊक नाही असं सरोजाचं काहीतरी माझ्यापाशी होतं.

आठवड्याभराने ती रिपोर्ट घेऊन आली. बी-बारा उत्तम. ड उत्तम. लोह, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सगळं जिथल्या तिथे. तिला हायसं वाटलं. "बघ, काहीच नाही, वयच झालं," म्हणाली. आणि मी… मी तो कागद हातात धरून जळत होते. इतकी वर्षं ती गोळी खाऊनही हिचं बी-बारा शाबूत कसं? सगळं चांगलं आहे तर मग दम कशाने लागतो, हा शाळकरी पोराने विचारावा असा प्रश्न माझ्या मनात आला नाही. गणिताच्या बाईंनाही सुचला नाही, पण त्यांना भीती वाटत असेल. मला कसली भीती होती? दुसऱ्या दिवशी फिरताना ती मागे पडली. मी तिच्यासाठी थांबले नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा मी पुढे होते आणि मला फार बरं वाटत होतं. त्यानंतरही रोज मी थोडी भरभरच चालले.

मधुमेह असला की हृदयाचं दुखणं कधी कधी न दुखताच येतं, असं नंतर डॉक्टरांनी नंदिनीला समजावलं. दम, घाम, थकवा, जळजळ, एवढंच काय ते दिसतं. जीवनसत्त्वं नीट असणं चांगलंच, पण त्या कागदावरून हृदयाचं काही कळत नाही, त्याची तपासणी वेगळी करावी लागते. मी दाराशी उभी राहून ऐकत होते.

गेल्या पंधरवड्यात नंदिनी घर आवरायला आली. माझ्याकडे येऊन बसली, कॉफी घेतली आणि विचारलं की अम्मा तुला काही बोलली होती का. मी नाही म्हणू शकले असते. सरोजा तर सांगायला येणार नव्हती. पण त्या पोरीचे डोळे बघून सगळं सांगितलं. जिना, बी-बारा, तिला दिलेला शब्द, माझं भरभर चालणं, सगळं. हेव्याचंही सांगितलं. ती रडेल, ओरडेल असं वाटलं होतं. ती कपातल्या सायीकडे बघत म्हणाली, "मी अम्माला नेहमी विचारायची, तू लपवत तर नाहीस ना. ती म्हणायची, माझं काही लपत नाही, मालती रोज बरोबर असते, ती सांगेलच तुला."

मला वाटलं, आता ही परत काही माझ्या दारी येत नाही. पण परवा शनिवारी सकाळी बेल वाजली तर तीच. बूट घाल मावशी, म्हणाली, तुझी हृदयाची तपासणी करायची आहे, मी वेळ घेतली आहे. मी नको नको म्हणत गेले. क्लिनिकमध्ये तिने माझी पिशवी धरली, माझा फॉर्म भरला, माझ्या गोळ्यांची नावं लिहिली. ज्या शनिवारांवर मी इतकी वर्षं जळले त्यातला एक माझ्या मांडीवर येऊन पडला होता आणि मला तिच्याकडे मान वर करून बघवत नव्हतं. नाव पुकारायला वेळ होता. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "मावशी, जिना चढताना दम लागतो का? खरं सांग."

नाही लागत, मी म्हटलं, आणि ते खरं होतं. हे विचारायला आज माझ्याकडे नंदिनी होती. सरोजाकडे मी होते.