चादरवालीच्या हातात तलवार

दिनांक ९ फेब्रुवारी रोजी ‘चादरवाली’ या साहसी चित्रकथेचा, म्हणजे मुले जिला मांगा म्हणतात तिचा, चौथा भाग बाजारात आला. मुखपृष्ठावर नायिकेने तलवार उगारली आहे. आत मात्र एकाही पानावर तिच्या हाती तलवार नाही. ही उघड फसवणूक आहे. माझ्या पत्रांची साधी पोच देण्याचेही सौजन्य प्रकाशकाच्या कार्यालयात उरले नसल्यामुळे मी तिची नोंद येथे करीत आहे.

नायिकेचे शस्त्र म्हणजे ओली चादर. ते आमच्या गल्लीतल्या लॉन्ड्रीत जन्मले. ज्या बाईंच्या मनगटातून ते निघाले, त्यांना सगळी गल्ली मावशी म्हणते. हॉटेलांच्या चादरी त्यांच्याकडे धुलाईला येतात. यंत्रातून काढलेली चादर वाळत घालण्यापूर्वी मावशी तिचे दोन कोपरे मुठीत धरतात, मनगटे किंचित मागे नेतात आणि असा फटकारा मारतात की समोरच्या छपरावरची कबुतरे पार दिसेनाशी होतात. त्या तुषारांनी माझा चष्मा असंख्य वेळा भिजला आहे. तक्रार केली असता, “अहो, धुऊन मिळाला की फुकटात!” एवढेच उत्तर मिळाले.

लॉन्ड्रीच्या पोटमाळ्यावर मावशींची भाची राहते. बोटे सदा काळी, म्हणून तिचे नाव शाई पडले. तिला नायिका सुचली होती, पण शस्त्र सुचत नव्हते. धनुष्य, भाला, साखळी, सारे कोणी ना कोणी वापरून झिजवलेले. एके सकाळी खालच्या फटकाऱ्याने दचकून तिने दौत पानावर सांडली. ती रागारागाने जिना उतरली आणि मधल्याच पायरीवर थबकून मावशींकडे पाहत राहिली. दुपारपर्यंत तिची नायिका ओल्या चादरीने तिघा दरोडेखोरांच्या तलवारी हिसकावून घेत होती.

शेवटच्या चित्रात नायिका चादर धुळीत टाकून मावळतीकडे चालू लागते, असे तिने काढले होते. मावशींनी चष्मा लावून ते पाहिले.

“ही कुठे निघाली?”

“जिंकली ना ती, मावशी!”

“जिंकली असेल. चादर उचलायला काय तिची आई येणार? आधी घडी घाल म्हणावं.”

“एवढी मोठी चादर एकटीनं कशी घडी घालणार?”

“तो मेला दरोडेखोर आडवा पडलाय ना? उठव त्याला. दे दोन कोपरे हातात.”

मावशींच्या दुकानाची ही रीतच आहे. मोठ्या चादरीला दोन माणसे लागतात; म्हणून पोस्टमन असो, गिऱ्हाईक असो, काउंटरपाशी जो उभा त्याच्या हाती कोपरे येतात. त्या दिवसापासून चादरवालीची प्रत्येक लढाई घडीने संपू लागली. हरलेला शत्रू पलीकडची बाजू धरतो, दोघे एकमेकांकडे चालत येतात, कोपऱ्याला कोपरा जुळतो, नाकासमोर नाक येते, आणि नायिका विचारते, “आता सांग, भांडण कशाचं होतं?” वाचकांनी हे पान डोक्यावर घेतले.

तरीही चौथ्या भागाच्या वेळी प्रकाशकाने कळवले : तलवार द्या, नाहीतर मालिका बंद. शाईने रडतरडत तलवारीचे एक पान काढलेही. ते ताब्यात घ्यायला प्रकाशकाकडचे संपादक स्वतः लॉन्ड्रीत आले. मी तेथे माझ्या सदऱ्याच्या हरवलेल्या गुंडीचा जाब विचारीत उभा होतो. (गुंडी अद्याप सापडलेली नाही.)

“बाई, चादर म्हणजे काही शस्त्र नव्हे,” संपादक म्हणाले.

“नसेल. हे धरा.”

“अहो, मी संपादक आहे!”

“मग? संपादकांना हात नसतात? अंगठे आत घ्या. ओढा! जोर लावा जरा, सकाळी जेवला नाहीत का?”

पहिल्या ओढीत चादर त्यांच्या हातून निसटली. दुसऱ्या ओढीत ते स्वतःच फरफटत काउंटरवर आले. शाई खुदकन हसली. कित्येक दिवसांत ती हसली नव्हती. तिसऱ्या वेळी मात्र चादर मध्ये ताठ ताणली गेली. ते चालत पुढे आले, कोपरे जुळले आणि घामेजलेला, टाय सैल झालेला तो गृहस्थ मावशींच्या समोरासमोर उभा राहिला. तोंडावर लहान मुलासारखा आनंद.

“दुसरी द्या,” ते म्हणाले.

टोपली रिकामी होईपर्यंत ते हलले नाहीत. निघताना त्यांनी तलवारीचे पान मागितलेच नाही. शाईने त्याला बोटे पुसली. चौथ्या भागातला सैल टायवाला सेनापती कोण, हे गल्लीत कोणालाही सांगावे लागत नाही. संपादकांनी स्वतःच तो सर्वांना दाखवला.

मुखपृष्ठ मात्र विक्री विभागाने परस्पर करून घेतले. संपादक सांगतात की हे मुखपृष्ठ चांगले खपले, तर पाचव्या भागात आतही तलवार येणार. त्यांचे तेथे काही चालत नाही.

म्हणून वाचकहो, चौथा भाग घेतला असेल तर त्याचे मुखपृष्ठ काढा, प्रकाशकाच्या पत्त्यावर परत पाठवा आणि सोबत लिहा : चादर हवी. हे याच आठवड्यात करा.