दांडीवरचा एकटा मासा

पहाटे चारला ओडलाउगच्या चुलीवर कॉफीची किटली चढायची. साडेचारला ती मासे वाळवायच्या मांडवाखाली हजर. फेब्रुवारी ते एप्रिल, एकेचाळीस वर्षं. त्यातली सव्वीस मी तिच्याबरोबर काढली. ती खाली उभी राहून कॉड माशांच्या जोड्या बांधायची, मी वर चढून त्या दांड्यांवर टाकायचो.

जोडी म्हणजे डोकी छाटलेले दोन मासे, शेपटीला शेपटी बांधलेले. एक दांडीच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. वजन सारखं हवं. एक जड झाला की हलका वर सरकतो आणि वाऱ्यात दोन्ही खाली येतात. ओडलाउग तराजूशिवाय, गारठलेल्या हातांनी तोलायची. तिची विजोड जोडी मला कधी मिळाली नाही.

उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या स्केलवॉग गावात आम्ही अकराशे माणसं. मासळीवरचा कर आम्ही भरायचा आणि रस्ते शेजारच्या गावात व्हायचे, म्हणून आमच्या आजोबांनी भांडून वेगळी पालिका घेतली. ती उभी राहिली या मांडवांवर. पुढे पालिकेला स्वतःचं बोधचिन्ह हवं झालं. दक्षिणेकडच्या एका चित्रकाराने ते काढून दिलं: निळी ढाल, आडवी दांडी आणि तिला शेपटीने लटकलेला एकच रुपेरी मासा.

सभागृहात पडदा सरकला, टाळ्या पडल्या. ओडलाउग उठली. अंगावर कामाचा एप्रन तसाच.

"हा मासा कशाने लटकलाय?"

"दांडीला टांगलाय ना," नगराध्यक्ष आर्नफिन म्हणाला.

"कशाने? थुंकी लावून चिकटवलास?"

लोक हसले. आर्नफिनही हसला. "अगं ओडलाउग, चिन्ह आहे ते. चिन्ह साधं असावं लागतं."

"साधं असू दे, खोटं कशाला? दुसरा मासा कुठाय? तुझ्या आईने अठरा वर्षं माझ्या शेजारी जोड्या बांधल्या. दोरीने बोटं फाटायची तिची. त्या बोटांवर तू शिकलास, आणि आता एक मासा पुरे झाला होय?"

"बाहेरच्यांना काय कळतंय त्यातलं!"

"मग पालिकेला नावही बाहेरच्यांचंच दे."

कोणी तिच्या बाजूने उठलं नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. सव्वीस वर्षं ज्या जोड्या वर टाकल्या, त्यांच्यासाठी माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. त्याची चीड अजून गेलेली नाही.

मासा मंजूर झाला. सभागृहाच्या भिंतीवर लागला, शाळेच्या कागदांवर, कचऱ्याच्या गाडीवरसुद्धा. ओडलाउग तेव्हा सदुसष्टची. त्याच वर्षी पेन्शन सुरू झाली आणि काम सुटलं. पुढच्या फेब्रुवारीत पहाटे साडेचारला ती पुन्हा मांडवाखाली उभी.

"गुडघे बघ तुझे," मी म्हणालो. "आता कशाला हे?"

"गुडघे माझे आहेत. तू वर चढ. आणि टाळ्या वाजवू नकोस, हात कामाला लागतील."

मी वर चढलो. त्या हंगामात ती एक दिवसही चुकली नाही.

तिच्या नवऱ्याची, पेडरची कबर चर्चच्या आवारात, सभागृहाच्या दारासमोर. माझ्या आधी वर चढणारा तोच. कबरीवर नुसता लाकडी क्रूस होता, तोही कुजलेला. मे महिन्यात पाथरवट तिने सांगितलेला दगड घेऊन तिथे आला. ओडलाउगने कोरीव काम बोटांनी चाचपलं.

"डावा जाड झालाय. ही जोडी पडेल. परत ने."

"बाई, दगडातले मासे कुठे पडतात?"

"तुझा दगड पडणार नाही. माझं काम पडेल."

तो पुटपुटत दगड घेऊन गेला आणि जूनमध्ये नवा घेऊन आला. तिने पुन्हा चाचपलं आणि जागेवरच पैसे दिले. आता आर्नफिन सभागृहातून बाहेर पडला की समोर तोच दगड. ओडलाउगच्या शेवटच्या हंगामाचा सगळा पगार त्यात गेला: पेडरचं नाव, वर एक दांडी, आणि दांडीवर सारख्या वजनाचे दोन मासे.