टॉन्सिल काढल्यावर आठव्या दिवशी

दाणा दाताखाली फुटला तेव्हा आठवलं, टॉन्सिल काढून आपल्याला आठच दिवस झालेत.

रिसोडच्या मार्केट यार्डात मी हर्रास बोलतो. म्हणजे सोयाबीनच्या ढिगापाशी उभं राहून व्यापाऱ्यांचे भाव मोठ्यानं पुकारायचे. सातवीतून शाळा सुटली, गाव दूर गोंदियाकडं. इथं गळा हीच माझी नोकरी. अन् तोच दर महिना-दीड महिन्याला सुजायचा. ताप, गोळ्या, चार दिवस खाडे. शेवटी वाशिमच्या घशाच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "काढून टाकू. पण मोठ्या माणसाला लहान मुलांपेक्षा जास्त दुखतं. दोन आठवडे घरी आराम, मऊ खाणं."

आठव्या दिवशी राहवलं नाही. आपल्या जागी दुसरा गडी उभा झाला असंल, या धास्तीनं यार्डात गेलो. माझे मालक, अडतीवाले गजाननभाऊ ओरडले, "काहून आला बे? तुले बोलाले मनाई हाय ना?"

नुसता बसतो, अशी हातानं खूण केली.

समोर नवा ढीग पडला. माल वाळला का, ते आमच्यात दाणा दातानं फोडून पाहतात. ओलावा मोजायची मशीन आहे, पण हात आधी ढिगात जातो. माझाही गेला. फोडला, अन् ऑपरेशन आठवेपर्यंत तुकडे गिळलेही.

थोड्या वेळानं तोंडात खारट चव आली. थुंकलो तर लाल. थांबेना.

भाऊंनी हर्रास तसाच सोडला, गाडी काढली, मॅडमना फोन लावला. वाशिमपर्यंत एकच घोकत होते, "गिळू नको बे, थुक. मॅडमनं सांगतलं."

मॅडमनी रक्त थांबवलं, मला दवाखान्यात ठेवून घेतलं. "जखमेवरची खपली याच दिवसांत सुटते. काय खाल्लंत?"

भाऊच बोलले, "सोयाबीन, मॅडम. आमचं समदं मार्केटच चावते."

मी कागदावर लिहिलं, 'आवाज राहील ना?'

"राहील. घाई केली नाही तर."

मग भाऊंपुढं कागद धरला, 'माझी जागा?'

भाऊंनी वाचलं. "तुया जागी मीच बोलून राह्यलो, तू येईपर्यंत मीच बोलीन. व्यापारी हासतेत मले. लवकर बरा हो."

मी तोंड भिंतीकडं केलं.

चौथ्या आठवड्यात ढिगापाशी उभा झालो. पहिले दोन दिवस आवाज परका वाटला, मग रुळला. सीझन सरत आला. ताप नाही, खाडा नाही. भाकर गिळताना डोळ्यांत पाणी येत नाही.

मोठेपणी टॉन्सिल काढलं तर डॉक्टर सांगतील तितके दिवस कामाकडं फिरकू नका. तिथं गेलं, की आपण आजारी आहोत हे पहिले आपणच विसरतो.