लुसीबाईंचं खोकं

आमच्या स्टाफरूममध्ये किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते खडूच्या धुळीसारखे आपोआप साचतात आणि मधल्या सुट्टीत डबे उघडले की उडायला लागतात. गेल्या दिवाळीनंतर साचलेले सगळे किस्से मात्र एकाच खोक्याभोवतीचे आहेत.

शाळा आमची विरार पूर्वेला, मनवेलपाड्याच्या बाजूची. मागे मोकळा प्लॉट. थंडी पडली की तिथे कोणी ना कोणी कचरा पेटवतं आणि धूर थेट दहावीच्या वर्गात येतो. त्या वर्गाला गणित शिकवायच्या लुसीबाई. रोज विरार पश्चिमेकडच्या नंदाखाल गावातून यायच्या. फेब्रुवारीअखेर रिटायर होणार होत्या आणि दम्याने बेजार होत्या. डॉक्टरांनी रजा घ्यायला सांगितलं, तर म्हणाल्या, "ही माझी शेवटची दहावी. पोर्शन अर्धा टाकून मी घरी बसणार नाही!"

मग वर्गात हवा गाळणारा एअर प्युरिफायर बसवायचं ठरलं, पण दुकानातली किंमत ऐकून आम्ही नाद सोडला. विज्ञानाचे सावंत सर मात्र म्हणाले, "त्यात असतं काय? एक पंखा आणि एक फिल्टर. आपणच बनवू!"

*

सरांनी लॅबमधला जुना एक्झॉस्ट फॅन काढला, फिल्टर तेवढा नवा मागवला आणि दोन्ही पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवले. एका बाजूने हवा फिल्टरमधून आत, दुसऱ्या बाजूने पंख्यातून बाहेर. फटी बुजवायला चिकटपट्टी पुरेना. मग मी खळ शिजवून आणली आणि आम्ही जुन्या उत्तरपत्रिका चिकटवत सुटलो.

खोकं वर्गात ठेवल्याबरोबर पहिल्या बाकावरची प्राची ओरडली, "बाई, हा माझा पेपर! चार मार्कांचा!"

लुसीबाई म्हणाल्या, "बघ, कुठेतरी कामाला आला की नाही!"

पोरगी दिवसभर शाळेला सांगत फिरली की मशीन तिच्या पेपरवर चालतं.

*

मुख्याध्यापक म्हणाले, नवीन वस्तू आली, पूजा तर व्हायलाच पाहिजे. नारळ आला, हार आला. आमच्या शिपाई सुनंदामावशींनी भक्तिभावाने अगरबत्तीचा अख्खा पुडा पेटवला, वर ताटलीभर कापूर! सगळं मांडलं कुठे, तर बरोब्बर फिल्टरच्या तोंडाशी.

सावंत सरांनी बटण दाबलं. धुराची धार सरळ खोक्यात शिरली आणि पांढराशुभ्र फिल्टर आमच्यादेखत पिवळा पडला. मुख्याध्यापक खूश! "वा सावंत, काय पॉवर आहे!"

टाळ्या झाल्या. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्या लुसीबाई तेवढ्या व्हरांड्यात उभ्या राहून खोकत होत्या.

*

पुढच्या सोमवारी मशीन चालू, पण वारा येईना. पाहतो तर खोक्याला चारी बाजूंनी प्लास्टिकचं कव्हर! घरचा टेबलक्लॉथ कापून मावशींनी रविवारी शिवलेलं, खाली झालरसुद्धा लावलेली.

"नवीन वस्तू हाय मॅडम, धूळ बसंल ना!"

सावंत सरांनी कपाळाला हात लावला. "मावशी, धूळ बसावी म्हणूनच ते ठेवलंय!"

मावशींनी सरांकडे अशा काही नजरेने पाहिलं की यांना विज्ञान शिकवायला कोणी ठेवलं! कव्हर निघालं, पण फक्त शाळेच्या वेळेपुरतं. शाळा सुटली की झालर पुन्हा खोक्यावर.

*

महिनाभरात फिल्टर काळा झाला. सावंत सर हरखले, वर्गावर्गात नेऊन दाखवू लागले. मावशींना मात्र ते बघवेना. एका शनिवारी त्यांनी फिल्टर काढून भिजवला, साबण लावला, ब्रशाने घासला आणि पिळून गच्चीवरच्या दोरीवर वाळत टाकला. सोमवारी त्याचा कागदाचा लगदा आमच्या हातात ठेवून म्हणाल्या, "गार पान्यात धुतला हो! गरमसुद्धा नाय घेतलं!"

सर ओरडणार होते. तेवढ्यात मावशींचे डोळे भरून आले. "बाईंच्या छातीत एवढी घान जाते म्हनून धुतला."

मग कोण ओरडणार? सरांनी मुकाट्याने नवा फिल्टर मागवला.

*

पण मशीनचा गुण आला बरं का! लुसीबाई सकाळी यायच्या त्या खोकतच. पहिल्या तासाला फळ्यावर एक गणित लिहायला तीनदा थांबायच्या. आणि मधल्या सुट्टीपर्यंत खोकला बंद! पाहुण्या शिक्षकांना आम्ही मुद्दाम सांगायचो, "सकाळी बघा आणि दुपारी बघा!" सावंत सरांनी तर विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर तसा आलेखच काढला.

नारळी-केळीच्या वाडीतून येणारी बाई सकाळी सकाळी खोकत का येते, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. मलाही नाही, आणि त्याची आज लाज वाटते.

*

फेब्रुवारी संपला. पोर्शन पूर्ण झाला, उजळणीही झाली. निरोप समारंभात मुलं रडली, आम्हीही रडलो. आणि ठरलं की खोकं बाईंनाच द्यायचं. संध्याकाळी सावंत सर आणि मी ते मांडीवर घेऊन रिक्षाने नंदाखालला निघालो. झालरीचं कव्हर मावशींनी आठवणीने घातलं होतं.

घराजवळ पोचलो आणि पाहतो तर अंगणात धूरच धूर! बाईंचे यजमान, पास्कलकाका, नारळाच्या सोडणांची, म्हणजे वरच्या सुक्या सालींची, धुरी पेटवून पुठ्ठ्याने वारा घालत होते. धूर ओटीवरून सरळ घरात.

"या, या! डास फार हो. हिला लगेच चावतात. लग्न झाल्यापासून रोज लावतो, एक दिवस चुकवला नाही."

लुसीबाई दारात उभ्या होत्या, नाकाला रुमाल लावून. खोकला तोच, पहिल्या तासाचा.

सावंत सरांना शिकवायची सवय. त्यांनी कव्हर काढून सांगायला सुरुवात केली, "काका, हा फिल्टर पांढरा होता. आता हा काळा थर बघा, एवढं सगळं बाईंच्या छातीत..." आणि मध्येच थांबले.

काकांनी फिल्टरवरून बोट फिरवलं. बोट पाहिलं, धुरीकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी विचारलं. मला एवढंच समजलं, की कधी बोलली का नाहीस?

लुसीबाई म्हणाल्या, "रोज इतक्या मनापासून लावायचात. बोलणार कशी?"

काका उठले. हौदातून बादली भरून आणली आणि धुरीवर ओतली. परत आले, ओले हात शर्टाला पुसले आणि खोक्यापुढे उकिडवे बसले.

"सर, याचं बटण कुठलं?"