विट्याची खारी आणि नवा डीप फ्रीज

"आण्णांचा हात गेला, मॅडम," अस्लमभाईंनी भट्टीसमोरच जाहीर केलं. "सोमवारपासनं सांगलीचा कारागीर येतोय."

मारुतीआण्णा तिथंच उभे होते. विट्यातल्या या बेकरीची खारी मालक अस्लमभाईंच्या वडिलांच्या काळापासून तेच लाटत आलेले. त्यांनी हाताचं पीठ तेवढं दोनदा झटकलं.

मी साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीत टेक्निकल ऑफिसर. आम्ही बेकऱ्यांना लोण्याऐवजी वापरायची मार्जरीन पुरवतो. तक्रार होती की खारी फुगत नाही, चपटी आणि तेलकट निघते. साहेबांनी बजावलं होतं, "कार्टन बदलून द्या, सॉरी म्हणा, परत या." सॉरी मला उत्तम म्हणता येतं. पण आधी जरा चौकशी केल्याशिवाय मजा नाही.

मार्जरीनमध्ये वनस्पती तेलाच्या जोडीला पाणीही असतं. तेलाचे बारीक स्फटिक जाळं विणतात आणि त्या जाळ्यात पाण्याचे थेंब कोंडून राहतात. खारीत पिठाचा एक थर, मार्जरीनचा एक थर, अशी रचना असते. भट्टीत पाण्याची वाफ होते आणि ती थरांना वर उचलते.

"माल दाखवा."

अस्लमभाईंनी नाटकाचा पडदा उघडावा तसा नवा डीप फ्रीज उघडला. मी मार्जरीनच्या स्लॅबचा तुकडा घेऊन वाकवला. चांगली मार्जरीन चिकणमातीसारखी वाकते. ही मोडली. बोटांत चोळली तर रवाळ लागली. मग एका न उघडलेल्या कार्टनमधलं प्लास्टिक फाडून तळातून मी पापडाएवढा बर्फ काढला आणि दोघांना दिसेल असा उजेडात धरला.

"फ्रीजमदी बर्फ असतोयच की!" अस्लमभाई म्हणाले.

"सीलबंद प्लास्टिकच्या आत? पाणी आत शिरलं कुठनं?"

त्यांनी ते प्लास्टिक उलटसुलट करून पाहिलं.

"माल आणता कसा?"

"तुमचा टेम्पो आठवड्यातनं एकदा येतोय. मधी लागला तर वडापच्या जीपच्या टपावरनं."

"एवढ्या उन्हात? वितळत नाही?"

"पार तेल हुतंय! पण फ्रीजमदी टाकलं की पैल्यासारखं घट्ट. मग काय बिघडलं?"

बिघडलं ते इथंच. वितळताना जाळं मोडलं, थेंब एकत्र येऊन तळाला गेले. कारखान्यात आम्ही मार्जरीन घुसळत, झपाट्यानं थंड करतो, म्हणून स्फटिक बारीक राहतात. फ्रीजमध्ये ती नुसती पडून गोठली आणि दाणे जाड झाले. तेल तेच, वजन जवळपास तेच. रचना मात्र गेली.

"ह्ये सगळं तुमी म्हणताय," अस्लमभाई अडून बसले.

मी गाडीतल्या आइसबॉक्समधून ताजा स्लॅब आणला. "आण्णा, दोन ट्रे लावा. एकात हा, एकात फ्रीजमधला. पीठ एकच, हातही तुमचाच."

आण्णांनी दुपारभर घड्या घातल्या, लाटल्या. भट्टी उघडली तेव्हा एका ट्रेमध्ये तेलात भिजलेले पुठ्ठे होते. दुसऱ्यातली खारी ट्रेच्या काठावरून डोकावत होती. मी टाळी वाजवली. आवरलंच नाही.

अस्लमभाईंनी टोपी काढून कपाळ पुसलं. "आवं आण्णा, चुकलं माझं."

"तुजा बाप माज्या हातावर कवा बोलला न्हाई," आण्णा म्हणाले. "त्या सांगलीवाल्याला फोन लाव. हितंच, माज्यासमोर."

त्यांनी लावला. स्पीकरवर.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'माल निर्दोष. टपावरची वाहतूक बंद.' माझ्यापुरता एक नियमही करून ठेवला. कारागिराच्या हाताला नावं ठेवण्याआधी माल कुठून, कसा आला ते विचारायचं. आणि वितळलेलं पुन्हा घट्ट झालं, म्हणून ते नीट झालं असं धरून चालायचं नाही.