फेस बसायच्या आत

वडिलांच्या रक्षाविसर्जनाला रक्षेवर शिंपडायला मी दुधाची पिशवी फोडणार, तेवढ्यात गर्दीतल्या एका अनोळखी माणसानं माझा हात धरला.

"थांबा की पावणं. आण्णा रोज दूध कट्ट्यावर म्हशीची ताजी धार प्यायला माझ्याकडंच यायचं. पिशवीचं दूध त्यांनी कधी पिलं न्हाय."

स्मशानाच्या फाटकाबाहेर त्याची म्हैस उभी होती. तिच्या पाठीवर थाप मारून तो उकिडवा बसला आणि पितळी पेल्यात धार काढली. पेला फेसानं शिगोशीग भरल्यावर जवळजवळ पळतच आत आला.

"फेस बसायच्या आत प्यायचं आण्णा," म्हणत त्यानं पेला रक्षेवर ओतला.

राखेवर पांढरा फेस थरथरत होता. वडील गेल्यापासून गप्प असलेली आई रक्षेवर वाकून हळूच म्हणाली, "मिशी पुसा."